काय बांधणार ते ऐकले. काय राखणार ते सांगा

राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या. बहुतेक ठिकाणी २ तारखेस मतदान झाले आणि २१ तारखेस मोजणी झाली. गुलाल धुतला गेला, फटाक्यांचा कागद झाडून निघाला, आणि निवडून आलेल्या मंडळींचे हारतुरेही एव्हाना सुकले. अशा निवांत वेळी मतदारांनी एक लहानसे काम करावे, अशी आमची सूचना आहे. प्रचाराच्या दिवसांत घरोघरी टाकलेली आश्वासनांची पत्रके ज्यांच्या घरी अद्याप शिल्लक असतील, त्यांनी ती एकवार शांतपणे वाचून पाहावी. पक्ष कोणताही असो, भाषा बहुधा एकच आढळेल. रस्ता बांधू, गटार बांधू, सभागृह बांधू, व्यापारी संकुल बांधू, प्रवेशद्वार बांधू. बांधण्याची ही यादी लांबलचक असते. परंतु 'अमुक जागा आम्ही बांधू देणार नाही, ती आहे तशीच मोकळी राखू' असे एखादे वाक्य त्यांत कोणास सापडल्यास त्याने ते आम्हांस अवश्य दाखवावे. आमचा अनुभव असा की, ते वाक्य उमेदवार लिहीत नाही. कारण मतदार ते मागत नाही.

हा दोष एकट्या उमेदवारांचा नव्हे, हे प्रथमच सांगून टाकणे बरे. जे मागितले जाते तेच बाजारात येते, हे आमच्या व्यापारी वाचकांस निराळे सांगावयास नको. नवी इमारत डोळ्यांस दिसते, तिच्यावर नावाची पाटी लागते, तिचे उद्घाटन होते. राखलेल्या मैदानाचे उद्घाटन होत नाही. ते काल होते तसेच आज असते, आणि त्यामुळेच ते राखण्याचे श्रेय कोणासही मिळत नाही. ज्या कामात श्रेय नाही ते काम लोकप्रतिनिधीने आपण होऊन करावे, ही अपेक्षा साधूसंतांपुरती ठीक. लोकशाहीत ते काम मतदाराने मागून घ्यावे लागते.

हे आम्ही खापा नगरीस समोर ठेवून लिहितो, याचे कारण आहे. सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले हे गाव विस्ताराने लहान असले तरी नागरी कारभाराच्या दृष्टीने फार जुने आहे. येथील नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा सुप्रसिद्ध ठराव १८८२ चा. म्हणजे त्या ठरावाहूनही खाप्याची नगरपालिका पंधरा वर्षांनी वडील आहे. ज्या गावाने आपला कारभार आपण पाहण्याचे धडे इतक्या आधी गिरविले, त्या गावाने या बाबतीत इतरांस मार्ग दाखवावा, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही.

त्यातून गेली काही वर्षे नगरांच्या दृष्टीने विलक्षण गेली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्यामुळे राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपूनही निवडणुका झाल्या नाहीत, आणि लोकनियुक्त सभेच्या जागी प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला तेव्हा कोठे ही कोंडी फुटली. प्रशासक प्रामाणिक असला तरी त्याची बदली होते. गावात त्याची नातवंडे खेळावयाची नसतात. आता पुन्हा गावचीच माणसे गावच्या जमिनीची विश्वस्त झाली आहेत. त्यांच्या कारकिर्दीची ही पाच वर्षे ज्या मोजमापाने मोजावयाची, ते मोजमाप आरंभीच ठरले पाहिजे.

मोकळी जागा म्हटली की कित्येकांच्या डोळ्यांसमोर मोठ्या शहरांतील कारंजी आणि हिरवळ येते, आणि 'आपल्या लहान गावास त्याचे काय?' असा प्रश्न ते करितात. परंतु लहान गावातील मोकळी जागा ही चैनीची वस्तू नसून कामाची वस्तू आहे. आठवडी बाजार जेथे भरतो ती जागा, शाळेचे पटांगण, बैलांना व गुरांना उभे राहण्याची जागा, पोळा भरण्याचे मैदान, स्मशानभूमी व तिच्याभोवतीची झाडे, नदीचा काठ, आणि नव्या वस्त्यांच्या मंजूर नकाशांत दाखविलेली खुली जागा, हे सारे तिच्यातच येते. खाप्यासारख्या जुन्या विणकरांच्या गावास तर हे अधिक सहज कळावे. हातमागावर चढण्यापूर्वी सुताला खळ लावून ताणा पसरण्यास लांबच लांब मोकळी जागा लागे. कोष्टी समाजाच्या घरांपुढील मोकळी जागा म्हणजे त्यांच्या कारखान्याचाच एक भाग होता; फक्त त्यास छप्पर नव्हते आणि त्याची मालकी एकट्याची नव्हती. ज्याच्या घरात अंगण आहे त्यास गावाच्या मैदानाची उणीव भासत नाही. ज्याच्या घरात दोनच खोल्या आहेत, त्याच्या मुलास खेळावयास, म्हाताऱ्यास बसावयास, घरच्या लग्नात मांडव घालावयास दुसरी जागाच नसते. मोकळे मैदान हा गरिबाचा दिवाणखाना होय. तो गेला तर श्रीमंताचे थोडे बिघडते. गरिबाचे सारेच बिघडते.

आता ही जागा जाते कशी, ते पाहू. कारण चोर कोणत्या वाटेने येतो हे कळल्यावाचून कडी कोणत्या दारास लावावी हे कळत नाही. तिच्या जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन आहेत.

पहिली वाट सर्वांच्या परिचयाची. मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात एके दिवशी एक ओटा उभा राहतो. त्यावर एखादी मूर्ती वा झेंडा येतो, मग पत्र्याचे छप्पर येते, मग भिंत येते, आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगास दुकानाचे गाळे निघतात. कोणी हटकल्यास त्याची गणना धर्मद्रोह्यांत होते. कधी हेच काम सरकारी निधीतून होते. नव्या वस्तीच्या खुल्या जागेवर समाजभवन बांधले जाते, त्यास कुंपण व कुलूप लागते, आणि किल्ली कोणा एकाच्या खिशात जाते. ज्या जागेवर शंभर मुले रोज फुकट खेळत, तेथे वर्षातून वीस दिवस भाड्याने जेवणावळी होतात. आणि यास आपण विकास म्हणतो! देवास जागा द्यावी, सभागृहही असावे. परंतु ते सर्वांच्या जागेवर, कोणास न विचारता का? कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार आहे.

दुसरी वाट अधिक घातक आहे, कारण ती कोणास दिसत नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे नगराची विकास योजना तयार होते. बाग, मैदान, बाजार, शाळा यांसाठी काही जमिनी त्यात आरक्षित केल्या जातात. त्यांपैकी पुष्कळ जमिनी खासगी मालकीच्या असतात. आरक्षण म्हणजे खरेदी नव्हे. तो केवळ एक संकल्प होय. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत नगरपरिषदेने जमीन ताब्यात घेतली नाही, अथवा घेण्याची कारवाई आरंभिली नाही, तर कलम १२७ अन्वये मालकास नोटीस देता येते. आणि त्यानंतर चोवीस महिन्यांतही काही झाले नाही, तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. म्हणजे पाहा, बाग रद्द करण्याचा ठराव कोणी मांडला नाही, कोणी हात वर केला नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही, आणि तरी बाग नाहीशी झाली. सभागृहात जे घडते त्याची बातमी होते. जे घडतच नाही त्याची बातमी कोण देणार? दहा वर्षांच्या दहा अंदाजपत्रकांत त्या जमिनीसाठी पैसा धरला गेला नाही, एवढेच काय ते घडते. गावाची फुप्फुसे अशा रीतीने मौनाने कापली जातात.

यात जमीनमालकास दोष देण्याचे मुळीच कारण नाही. ज्याच्या जमिनीवर आरक्षणाचा शिक्का बसला, त्यास ती धड विकता येत नाही, धड बांधता येत नाही, आणि मोबदलाही हाती येत नाही. अशा स्थितीत एखाद्या कुटुंबाच्या दोन पिढ्या लटकत ठेवणे हा उघड अन्याय आहे, आणि कलम १२७ हा त्यावरील न्याय आहे. आमचे म्हणणे एवढेच की, नगरपरिषदेने मालकास त्याचे पैसे वेळेवर द्यावे आणि गावास त्याचे मैदान द्यावे. आज होते ते उलटेच. मालक वर्षानुवर्षे नाडला जातो आणि शेवटी गावही नाडले जाते.

'परंतु पैसा कोठून आणावयाचा?' हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने नगरांत बाजारभाव व त्यावर तितकीच दिलाशाची रक्कम द्यावी लागते. लहान नगरपरिषदेस हे ओझे जड आहे. तरी कायद्याने दुसरे मार्गही ठेविले आहेत. मालकाशी वाटाघाट करून रोख रकमेऐवजी विकास हक्क देता येतो. तो त्यास दुसऱ्या जागी वापरता अथवा विकता येतो. लहान गावात अशा हक्कास गिऱ्हाईक थोडे, हेही आम्ही जाणतो. म्हणून थोडी रक्कम दरवर्षी बाजूस टाकीत राहणे हाच शेवटी खात्रीचा उपाय ठरतो.

या बाबतीत अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानातल्या बोल्डर गावाचे उदाहरण आमच्या व्यापारी बंधूंनी अवश्य ध्यानात घ्यावे. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावाच्या मतदारांनी १९६७ साली निवडणुकीत स्वतःवरच एक टक्का विक्रीकर बसवून घेतला. त्यातील शंभर डॉलरांच्या विक्रीमागे साठ सेंट रस्त्यांसाठी, आणि चाळीस सेंट गावाभोवतीची मोकळी जमीन विकत घेऊन कायमची राखण्यासाठी! रस्ता की मैदान असा वाद त्यांनी घातला नाही. एकाच करातून दोन्ही साधिले. वस्तू व सेवा कराच्या आजच्या व्यवस्थेत आमच्या नगरपरिषदांस असा विक्रीकर बसविता येणार नाही, हे खरे. परंतु तेथून घ्यावयाची गोष्ट कराचा प्रकार ही नव्हे. घ्यावयाची गोष्ट ही की, मोकळ्या जमिनीचा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेविला गेला, त्याची किंमत सांगितली गेली, आणि लोकांनी ती डोळे उघडे ठेवून मान्य केली. आमच्याकडे बऱ्याच नगरपरिषदांच्या कराच्या बिलावर वृक्षकराचा रकाना असतो. आपण तो मुकाट्याने भरतो. त्या पैशाची किती झाडे लागली, किती जगली आणि ती कोठे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? जो असलेल्या कराचा हिशेब मागत नाही, त्यास नव्या कराची भीती घालून गप्प बसविणे सोपे असते.

मोकळ्या जागेचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो नदी ठेविते. कन्हान सातपुड्यात उगम पावून खाप्यावरून पुढे जाते व अखेर वैनगंगेस मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र पाहून कोणासही वाटावे की, एवढी जागा वाया चालली आहे. येथे भर घातली तर कितीतरी उपयोग होईल. परंतु ती जागा नदीने मोकळी सोडलेली नसून राखून ठेविलेली असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस कन्हान व पेंच यांना पूर आला, तेव्हा जिल्ह्यातील नदीकाठच्या कित्येक गावांनी हा अनुभव घेतला. नागपूर शहरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली, आणि दुकानांतील माल चिखलात गेला. ज्या व्यापाऱ्यांचे तेव्हा नुकसान झाले, त्यांस पाण्याला मोकळी वाट ठेवणे ही चैन आहे असे सांगण्याचे धाडस कोणी करील काय?

आणि मोवाड तर आमच्याच जिल्ह्यातील, खाप्यासारखेच लहान नगर! ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने ते गाव उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे एका दिवसात गेली, आणि उरलेल्यांस दुसऱ्या जागी वसावे लागले. काठावर चार बागा राखल्या असत्या तर तो पूर टळला असता, असा पोरकट दावा आम्ही करीत नाही. परंतु नदीकाठच्या गावाने नदीस किती जागा सोडावी, हा प्रश्न जीविताचा आहे, शोभेचा नव्हे, हे मोवाडच्या नावानंतर पुन्हा सांगावे लागू नये. पुराच्या रेषेच्या आत भर घालण्याची परवानगी मागणारा अर्ज जेव्हा नगरपरिषदेपुढे येतो, तेव्हा सभासदांनी मोवाड आठवून मत द्यावे.

काही सज्जन म्हणतील, 'एवढी काळजी कशास? न्यायालये आहेत ना!' न्यायालयांनी या बाबतीत मोठे कार्य केले आहे, यात शंका नाही. बंगळूर येथे बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयास देण्यात आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ते देणे बेकायदा ठरविले, आणि नागरिकांस अशा प्रकरणी दाद मागण्याचा हक्क आहे असे सांगितले. रुग्णालय चांगले, पण ते बागेच्या जागेवर नव्हे, हाच त्या निकालाचा मथितार्थ. आमच्या विदर्भापुरते बोलावयाचे तर झुडपी जंगलाचा निकाल ताजा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन ही वनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ठरविले. १९९६ पूर्वीच्या वाटपांस व वस्त्यांस दिलासा देण्याची वाटही त्याच निकालाने ठेविली. खाप्याचा परिसर वनांस लागून असल्याने येथील लोकांनी तो निकाल समजून घेणे अगत्याचे आहे.

परंतु त्याच निकालावरून दुसरा धडाही घ्यावा. या जमिनींची कागदोपत्री स्थिती काय, हा घोळ कित्येक दशके चालला. त्या काळात काही जमिनींवर घरे झाली, काहींवर शाळा, काहींवर कचेऱ्या. आणि मग घर वाचवावे की जंगल, असा पेच गरिबांसमोर आला. न्यायालय येते ते बहुधा घटना घडून गेल्यावर येते. खटल्यास वर्षे लागतात, वकील लागतो, नागपूरच्या फेऱ्या लागतात. सामान्य विणकराने अथवा किराणा दुकानदाराने ते कसे करावे? मैदानाचे रक्षण करण्याचे सर्वांत स्वस्त हत्यार त्याच्या हाती पाच वर्षांतून एकदा येते, आणि ते म्हणजे त्याचे मत. ते हत्यार वापरण्याच्या दिवशी दुसऱ्याच गोष्टींवर खर्च करावयाचे, आणि मग न्यायालयाकडे धाव घ्यावयाची, हे वरातीमागून घोडे नेण्यासारखे आहे.

आमच्यावर आणखी एक आक्षेप येईल: 'गाव वाढावयास नको काय? लोकांस घरे नकोत काय? बाजारास जागा नको काय?' गाव वाढलेच पाहिजे. त्या परिसरातील मँगेनीजच्या खाणी, नागपूरचे वाढते क्षेत्र आणि सुधारलेले रस्ते यांमुळे ते वाढणारच. परंतु वाढणाऱ्या मुलाच्या अंगरख्यास शिंपी शिवणीत थोडे कापड अधिक ठेवितो. तेच कापूस वेचण्याच्या देशातील लोकांनी विसरावे काय? मोकळी जागा म्हणजे गावाच्या शिवणीतील ते राखलेले कापड होय. आज ते कापून रुमाल केले, तर उद्या अंगरखा फाटल्यावर जोड कशाचा लावणार? गरिबांची घरे हा प्रश्न तर खरोखरच निकडीचा आहे, आणि मैदानाच्या नावाखाली गरिबास हुसकून लावण्याच्या आम्ही सर्वस्वी विरुद्ध आहो. परंतु अनुभव असा की, मैदानावरील झोपडी काढण्यास यंत्रणा तत्पर असते, आणि मैदानावरील गाळे मात्र यथावकाश कायम होतात. घरांसाठी निराळी जमीन नेमून द्या. मैदान खाऊन घर देणे म्हणजे गरिबाचाच एक खिसा कापून दुसऱ्यात पैसे टाकणे होय.

पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश पंडित हिंदुस्थानात आले आणि त्यांनी अनेक शहरांच्या रचनेवर अहवाल लिहिले. नागपूरवरही त्यांचा अहवाल आहे. या गृहस्थांची रीत अशी की, नकाशा काढण्यापूर्वी गाव पायी हिंडून पाहावयाचे. तलाव बुजवू नका, जुनी झाडे व चौक वाचवा, आणि गल्ली रुंद करावयाची तर शक्य तितके थोडे पाडा, असा त्यांचा आग्रह असे. आज शंभर वर्षांनंतर आमच्या नव्या नगरसेवकांस आम्ही हेच सुचवितो. पहिल्या वर्षी फार काही बांधू नये. गाव पायी हिंडावे, आणि सोबत लोकांस घ्यावे.

त्या हिंडण्यातून काय निष्पन्न व्हावे, तेही सांगतो. पहिली गोष्ट, नगराच्या हद्दीतील सर्व मोकळ्या जागांची यादी तयार व्हावी. कोणती नगरपरिषदेची, कोणती सरकारची, कोणती मंजूर वस्त्यांतील, कोणती आरक्षित पण अद्याप न घेतलेली, हे तिच्यात असावे. प्रत्येक आरक्षणाची दहा वर्षे कधी भरतात, ती तारीख त्यापुढे लिहावी. आणि ती यादी कचेरीच्या दारावर मराठीत लावावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे अशी माहिती न मागता देणे हेच अपेक्षित आहे. न दिल्यास दहा रुपयांच्या अर्जाने ती मागता येते. दुसरी गोष्ट, राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या जागेच्या मांडणीत दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. अशा प्रत्येक जागेवर फलक लागावा, आणि तिच्या सीमा दगडाने पक्क्या व्हाव्या. कारण कागदावरील रेघ पुसण्यास एक रात्र पुरते. तिसरी, प्रत्येक अंदाजपत्रकात आरक्षित जमिनीसाठी, थोडी का होईना, निराळी रक्कम धरावी, आणि वृक्षकराचा हिशेब वेगळा छापावा. चौथी, मोकळ्या जागेचा उपयोग बदलण्याचा कोणताही प्रस्ताव सभेपुढे आणण्यापूर्वी त्याची दवंडी पिटावी, आणि विरोध करणाऱ्यांस बोलू द्यावे.

या शेवटच्या गोष्टीवर आमचा विशेष भर आहे. दोन हजार वस्तीच्या खेड्यास ग्रामसभा आहे. तेथे शेतकरी उभा राहून सरपंचास जाब विचारतो. त्याहून कितीतरी पट मोठ्या नगरास मात्र तशी जिवंत सभा नाही. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली, परंतु ती कागदातून रस्त्यावर उतरली नाही. गायरान द्यावे की न द्यावे यावर खेडूत मत देऊ शकतो, आणि शिकलासवरला नगरवासी निमूटपणे पाहत राहतो, ही विपरीत स्थिती नव्हे काय? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची तरतूद ही नगरसंस्थांच्या कामांच्या यादीत घातली. काम घटनेने दिले. ते करवून घेणारी सभा मात्र लोकांनी स्वतः उभी केली पाहिजे. नगरपरिषदेच्या सभा सामान्यतः लोकांस पाहण्यास खुल्या असतात. दर सभेस व्यापारी मंडळाचे दोन, शिक्षकांपैकी दोन, विणकरांपैकी दोन आणि स्त्रियांपैकी चार जणी जाऊन नुसत्या बसल्या, तरी ठरावांची भाषा बदलेल. स्त्रियांचा आकडा आम्ही मुद्दाम दुप्पट धरिला आहे. मैदान गेल्यावर मुलांस कोठे पाठवावे, ही चिंता प्रथम त्यांच्याच वाट्यास येते. आणि सभागृहांत अर्ध्या जागा स्त्रियांस राखीव असताना प्रेक्षकांच्या बाकावर त्या नसाव्या, हे शोभत नाही.

नव्या सभासदांस आमचे सांगणे थोडके आहे. आपण बांधलेल्या इमारतीवरील नावाची पाटी पंचवीस वर्षांत पुसते, आणि इमारतीस पुन्हा रंग लागतो तेव्हा पाटीवर दुसऱ्याचे नाव येते. राखलेल्या मैदानावर कोणाचेच नाव नसते. परंतु त्यावर खेळलेली प्रत्येक पिढी ते मैदान आपले म्हणते. मतदारांस आमचे सांगणे याहूनही थोडके आहे. पाच वर्षांनी पुन्हा कोणी दारी येईल आणि 'आम्ही अमुक बांधले' असे सांगेल, तेव्हा ते ऐकून घ्यावे, चहा द्यावा, आणि मग विचारावे: 'तुम्ही आलात तेव्हा गावात मोकळी जागा इतकी होती, आज किती आहे?' ज्यास हा आकडा तोंडपाठ सांगता येईल, तोच आपल्या मतास पात्र समजावा.